यात्रेच्या विम्यात बीपी-शुगर लपवू नका



कपाशीची शेवटची वेचणी उरकली, गहू-हरभरा घरात आला, गुढीपाडवा झाला की आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव पारावर एकच विषय निघतो. यंदा कुठं जायचं? मृग लागेपर्यंत हातात थोडी सवड असते. कुणी चारधामचं नाव काढतं, कुणी तिरुपती-रामेश्वरचं. काही घरांतली पोरं पुण्याहून अमेरिकेला गेलेली आहेत, त्यांचे आई-वडील सुनेच्या बाळंतपणाला निघतात. पिशव्या भरल्या जातात. शेवटी वरच्या कप्प्यात गोळ्यांची पाकिटं जातात. सकाळची बीपीची, जेवणाआधीची शुगरची, कुणाची रक्त पातळ करायची.

तुम्ही म्हणाल, हा शेतीखात्याचा माणूस. बोंडअळीचं, मोसंबीच्या फळगळीचं सांगायचं सोडून यात्रेचा विमा काय काढून बसला? खरं आहे. पण माझ्या नोकरीतला बराच काळ विम्याच्या कागदांतच जातो. पिकाचा विमा, जनावराचा विमा, शेतकरी अपघाताची प्रकरणं. लोक गावात भेटले की दुसऱ्या विम्याचेही फॉर्म पुढे करतात. "साहेब, तेवढं इंग्रजीतलं भरून द्या." मी भरून देतो. असाच एक फॉर्म मी चुकीचा भरला, तोही घरातल्याच माणसाचा. म्हणून हे लिहितोय.

आधी म्हशीचं उदाहरण घ्या. म्हशीचा विमा उतरवताना जनावरांचे डॉक्टर येतात, तपासतात, तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला देतात, मग कानात बिल्ला बसतो. वर सुरुवातीचे १५ दिवस रोगाने जनावर दगावलं तर भरपाई मिळत नाही. कारण उघड आहे. आजारी म्हैस दावणीला बांधून तिचा विमा काढायचा आणि आठ दिवसांनी पैसे मागायचे, हे कुठलीच कंपनी चालू देणार नाही. माणसाच्या विम्यातही तोच हिशेब असतो. आधीपासून असलेल्या आजाराला कंपनीच्या भाषेत 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज' म्हणतात. फरक एवढाच की माणसाच्या बाबतीत आजार असला तरी विमा मिळू शकतो. मात्र तो सांगावा लागतो, आणि सांगितल्यावर कंपनी काय देते, काय देत नाही हे वाचावं लागतं.

घरी राहून जो मेडिक्लेम काढतात, त्यात जुन्या आजारासाठी थांबायचा काळ ठरलेला असतो. तो पूर्वी जास्तीत जास्त ४ वर्षांचा होता, विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये तो ३ वर्षांवर आणला. म्हणजे शुगर आहे असं सांगून पॉलिसी घेतली आणि ती न चुकता चालू ठेवली, तर ३ वर्षांनंतर शुगरचं दुखणंही त्यात बसतं. प्रवासाच्या विम्यात ही सोयच नाही. पॉलिसीच मुळी १५ दिवसांची, नाहीतर सहा महिन्यांची. तीन वर्षं कुठून आणायची? त्यामुळे तिथं दोनच गोष्टी होतात. जुना आजार पहिल्या दिवसापासून पॉलिसीत लिहून घेतलेला असतो, नाहीतर तो पॉलिसीच्या बाहेर असतो. बऱ्याच पॉलिसींत मधला एक प्रकार आहे. जुन्या आजाराचा नेहमीचा इलाज मिळणार नाही, पण जिवावर बेतलं तर जीव वाचवण्यापुरता खर्च, तोही ठराविक रकमेपर्यंत. ही ओळ पॉलिसीत बारीक अक्षरात असते. ती शोधून काढा.

माझ्या हातून काय झालं

दोन वर्षांखालची गोष्ट. माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, चारधामला निघाले. वय ६४. अंबड तालुक्यात चार एकर मोसंबी. बारा वर्षांपासून बीपीची गोळी चालू, पण कामाला आजही गड्याला मागं टाकतील असे. गावातून ट्रॅव्हल्सची एक गाडी जाणार होती. गाडीवाल्यासोबत एक एजंट आला, त्याने प्रवासाचा विमा दिला. अपघात आणि आजारपण दोन्ही धरून होता, म्हणून मी म्हटलं चांगलंय, काढा.

फॉर्म मी भरला. त्यात एक रकाना होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा यापैकी काही आहे का? माझा पेन थांबला, तेव्हा एजंट म्हणाला, "साहेब, हो लिहिलं तर हप्ता वाढंल, नाहीतर फॉर्मच वापस यील. बीपी काय, आजकाल कोणाला नाही?" तात्या खाटेवर बसलेले होते. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी बीपी हा आजारच नव्हता, गोळी घेतली की संपला. मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. तात्यांनी सही केली.

केदारनाथ उतरताना गौरीकुंडाच्या अलीकडे तात्यांच्या छातीत दुखू लागलं. आपलं जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. तिथं हवा विरळ, थंडी, वरून चाल. धडधाकट माणसाच्या हृदयालाही तिथं जास्त काम पडतं. २०२२ च्या हंगामात चारधामच्या वाटेवर बरेच यात्रेकरू दगावले, आणि त्यात हृदयविकाराने गेलेले जास्त होते. हे मला निघायच्या आधी माहीत असायला पाहिजे होतं. नव्हतं.

गाडीवाल्याने तात्यांना ऋषिकेशला एका खाजगी दवाखान्यात आणलं. एक स्टेंट टाकला. जीव वाचला, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. बिल सव्वादोन लाखांचं झालं. भावकीने फोनवरून पैसे जमवले, मी माझे घातले, आणि तात्यांच्या पोराने झाडावरचा आंबे बहार बागवानाला मिळेल त्या भावात देऊन टाकला. मनात होतं, विमा आहे, पैसे परत येतील.

विमा कंपनीचं पत्र दीड महिन्याने आलं. क्लेम नामंजूर. कारण काय, तर दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, "१२ वर्षांपासून रक्तदाबाचा रुग्ण." ते लिहायला सांगितलं कुणी? तात्यांनीच. डॉक्टरने विचारलं, त्यांनी खरं सांगितलं. दवाखान्यात माणूस खोटं बोलत नाही, बोलूही नये, इलाजच चुकायचा. एका कागदावर माझी खूण 'नाही', दुसऱ्या कागदावर तात्यांचं खरं बोलणं. दोन्ही कागद एका फाईलमध्ये आले.

एजंटचा फोन लागला नाही. लागला असता तरी काय, सही तात्यांची होती आणि अक्षर माझं. तात्या मला रागाने एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू तं रोज इमे भरतोस ना रे."

विमा आहे, पण कशाचा?

या प्रकरणानंतर मी गावातल्या लोकांचे प्रवासाचे कागद मागून पाहू लागलो. दहापैकी आठ जणांना वाटतं, आपला विमा आहे. असतोही. पण तो अपघाताचा असतो. रेल्वेचं तिकीट ऑनलाईन काढताना ४५ पैशांत विमा मिळतो, मृत्यू झाल्यास १० लाखांपर्यंत. मात्र तो रेल्वेच्या अपघातासाठी. देवगिरीत बसल्या जागी छातीत कळ आली तर त्याचा उपयोग नाही. अमरनाथच्या नोंदणीसोबत जो विमा असतो तोही अपघाताचाच. आजारासाठी त्यांनी वेगळीच तजवीज केली आहे. तिथं ठरवून दिलेल्या डॉक्टरचा तब्येतीचा दाखला असल्याशिवाय नोंदणीच होत नाही, आणि वय १३ ते ७० च्या आत लागतं. गुहा ३,८८८ मीटरवर आहे, म्हणून ही कडकाई. लोक ओळखीने दाखला आणतात. तो फसवा दाखला शेवटी आपल्यालाच फसवतो.

आमच्या खात्याकडचं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानही असंच आहे. २०२३ पासून मधली विमा कंपनी काढून शासनच मदत देतं, मृत्यूला २ लाख. त्यात साप चावला, वीज पडली, रस्त्यावर गाडीने उडवलं हे बसतं. हृदयविकाराने गेलेला माणूस बसत नाही. त्या घरच्या लोकांना हे समजावून सांगणं फार जड जातं.

आजारपणाचा विचार करणारी एक योजना आपल्याच राज्यात झाली होती. २०२३ च्या आषाढी वारीसाठी शासनाने 'विठ्ठल-रुक्मिणी वारकरी विमा छत्र' जाहीर केलं. अपघाती मृत्यूला ५ लाख तर होतेच, पण वारीच्या ३० दिवसांत आजारी पडलेल्या वारकऱ्याच्या औषधपाण्यासाठी ३५ हजारांपर्यंत तरतूद होती. वारकऱ्याला त्यासाठी हप्ता भरायचा नव्हता. साठी-सत्तरीची माणसं पायी चालतात, त्यांना बीपी-शुगर असणारच, हे धरूनच असा विमा काढला पाहिजे.

ट्रंकेतलं कार्ड

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण तात्यांच्या वेळी मलाही ते ठाऊक नव्हतं. देशाच्या आत फिरताना जुन्या आजाराला सगळ्यात भक्कम आधार तुमच्या घरातच असू शकतो. तो म्हणजे आयुष्मान भारतचं कार्ड. २३ सप्टेंबर २०१८ ला ही योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात दाखल होऊन इलाज. यात जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला आहे, थांबायचा काळ नाही. आणि कार्ड फक्त जालन्यात चालतं असं नाही, योजना लागू असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या योजनेच्या दवाखान्यातही चालतं. उत्तराखंडातही चालतं.

तात्यांचं नाव त्या यादीत होतं. कार्ड घरी ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली. तात्या ऋषिकेशला पडून होते तेव्हा आम्ही गावात पैसे गोळा करत हिंडत होतो. जवळ कार्ड नसलं तरी आधारवरून यादीत नाव शोधता येतं, हे कुणी सांगायलाही नव्हतं.

मात्र एक घोळ समजून घ्या. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. जालना हा आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी, म्हणून आपल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना त्यात आधीपासून जागा होती, आणि २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू झाली. पण ती राज्याची योजना. आपल्या राज्याबाहेर, देवभूमीत तिच्या भरवशावर राहू नका. दोन्हींचं कार्ड एकत्र दिसतं, त्यामुळे आपलं नाव केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, हे निघायच्या आधी योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. १४५५५ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. घरातलं माणूस ७० वर्षांच्या वर असेल तर उत्पन्नाचा, रेशनकार्डाचा प्रश्न येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राच्या योजनेत घेतलं आहे, त्यांचं वेगळं वय वंदना कार्ड निघतं. ते काढून घ्या. आणि ज्या गावी जाणार तिथला योजनेचा दवाखाना कोणता, हे आधीच लिहून ठेवा. गाडीवाला अडचणीच्या वेळी समोर दिसेल त्या दवाखान्यात नेतो. त्याचाही दोष नाही.

पोराकडे परदेशात जाताना

परदेशात हे कार्ड चालत नाही. तिथं विकतचाच विमा लागतो, आणि तिथला दवाखाना आपल्याला झेपणारा नसतो. कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यातून किंवा स्वतःच्या खर्चाने कुणी नेदरलँड, जर्मनी, फ्रान्सला शेती पाहायला जाणार असेल, तर त्या देशांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. आपले लोक व्हिसापुरती सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात. व्हिसाचं काम होतं. पण त्या पॉलिसीत तुमची शुगर धरली आहे का, हे व्हिसावाला बघत नाही. ते तुम्हाला बघायचं आहे. अमेरिकेत पोरं तिथल्या कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा काढून देतात. त्यातही जुन्या आजाराचा अचानक उठलेला झटका तेवढा धरतात, आणि त्यालाही वयाची अट असते. पोराला फोनवर विचारा, "आमची बीपी लिहिलीस का?" पोरगं घाईत 'नाही'वर खूण करून मोकळं होतं. माझ्यासारखंच.

आता कोर्टाचं बघा. २००९ च्या मे महिन्यात एक गृहस्थ लग्नकार्यासाठी अमेरिकेला निघाले. सरकारी विमा कंपनीची पॉलिसी घेताना त्यांनी आपल्याला मधुमेह आहे हे सांगितलं, तपासणीचे कागद जोडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले आणि घाम फुटला, दवाखान्यात नेलं, तीन स्टेंट टाकावे लागले. कंपनीने हात वर केले. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल हे जुने आजार, कोलेस्टेरॉलचं तर सांगितलंच नाही, असं तिचं म्हणणं. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी ६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या पीठाने, निकाल त्यांच्या बाजूने दिला. विमेदाराने आजार सांगितला, कंपनीने तो माहीत असताना पॉलिसी दिली, मग त्याच आजारावर बोट ठेवून क्लेम नाकारता येणार नाही. बारा वर्षं गेली, पण त्यांनी फॉर्मवर लिहिलेला मधुमेहच त्यांच्या कामी आला.

त्याच २००९ सालच्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिक्लेमचं दुसरं प्रकरण निकाली काढलं होतं. त्यात माणसाला जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार होता, फॉर्मवर मात्र तब्येत चांगली असं लिहिलेलं. तो माणूस वारला, पत्नी कोर्टात गेली. निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

म्हणून फॉर्म भरताना गोळ्यांची सगळी पाकिटं खाटेवर मांडा आणि एकेक नाव लिहून घ्या. मागं कधी दवाखान्यात दाखल झाला असाल तर तेही. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. इंग्रजी येत नसेल तर भरणाऱ्याकडून प्रत्येक रकाना मराठीत वाचून घ्या, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. 'हो' लिहिल्याने हप्ता वाढेल, कधी ईसीजी मागतील, कधी सरळ नाही म्हणतील. नाही म्हटलं तर निदान निघायच्या आधी कळतं, ऋषिकेशला कळत नाही. दवाखान्यात दाखल झालात की पॉलिसीवरच्या मदतीच्या नंबरवर लगेच कळवा. पिकाच्या नुकसानीची सूचना वेळेत दिली नाही की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

खरं लिहूनही क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथं दाद लागली नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही. नियामक प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन १५५२५५ आहे. तात्यांच्या प्रकरणात मी लोकपालाकडे गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

यंदा पाडव्यानंतर तात्यांनी परत विषय काढला. बद्रीनाथ राहिलंय म्हणाले. जालन्यात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गाडीने जाऊन गाडीने या, पायी चढायचं नाव काढू नका. विम्याचा फॉर्म पुन्हा मीच भरला. रक्तदाब हो, १४ वर्षे. स्टेंट हो. गोळ्या चार, नावासकट. कंपनीने जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजी मागवला आणि कळवलं की अपघात आणि इतर आजार धरू, हृदयाचं धरणार नाही. तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे छातीचं आपलं आपल्याकडं." मग उठले, ट्रंक उघडली, पत्रिकांखालचं आयुष्मानचं कार्ड काढलं. त्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या आहेत. एक त्यांच्या पिशवीत ठेवली, दुसरी काकूंच्या बटव्यात.